डाउनलोड अडलं की बोलतं कोण? क्रोम, फायरफॉक्स, एज आणि सफारी, काउंटरवरून पाहिलेले

ब्राउझरची परीक्षणं वाचायला घेतली की वेग, रॅम, डार्क थीम आणि आता एआय. यातलं काहीच माझ्या कामाचं नाही. मी सांगली जिल्ह्यातल्या विट्यात, एसटी स्टँडजवळ, ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं सेंटर चालवते. समोरच्या माणसाला ब्राउझर कुठला आहे याच्याशी देणंघेणं नसतं. त्याला हॉल तिकीट हवं असतं, सातबारा हवा असतो, ई-आधार हवं असतं, आणि त्याच्या मागं रांग असते. म्हणून माझी कसोटी एकच: फाइल उतरली नाही तर ब्राउझर ते सांगतो का, आणि सांगतो ते खरं असतं का. चालत्या फाइली सगळेच उतरवतात, त्यात कौतुक काय करायचं?

आमच्या खानापूर-आटपाडी भागातली कितीतरी घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यानं देशाच्या कानाकोपऱ्यात पांगलेली आहेत. त्यांचे उतारे, दाखले, मुलांचे निकाल इथून काढायचे असतात. ओटीपी त्यांच्या मोबाइलवर, ब्राउझर माझ्याकडे. ‘ताई, ओटीपी आला बघा, घ्या पटकन’ म्हणून फोनवर आकडे सांगायचे, आणि त्याच वेळी डाउनलोडचं बटण दाबूनही काहीच होऊ नये. सेशन, म्हणजे त्या लॉगिनची मुदत, संपायला तेवढं पुरतं. अशा वेळी गप्प बसणाऱ्या ब्राउझरचा जेवढा राग येतो तेवढा हळू चालणाऱ्याचा येत नाही.

क्रोमपासून सुरू करते, कारण माझ्या मशीनवर पहिलं तेच उघडतं आणि पोर्टलं बनवणारेही आधी त्याच्यावरच चालवून बघत असावेत. साध्या कामाला क्रोमला तोड नाही. अडलं की मात्र त्याचा एक ठरलेला निरोप: ‘फेल्ड – नेटवर्क एरर’. वायफाय गेलं तरी तोच, पलीकडच्या सर्व्हरनं मधेच हात वर केले तरी तोच, अँटिव्हायरसनं फाइल अडवली तरी बऱ्याचदा तोच. डॉक्टरनं प्रत्येक तापाला ‘व्हायरल आहे’ म्हणावं तसं हे. म्हणून या निरोपावर मी लगेच राउटरकडे धावत नाही. दुसऱ्याच एखाद्या साइटवरची पीडीएफ उतरवून बघते. ती आली म्हणजे नेट ठीक आहे. मग अडलेलं काम कंट्रोल-शिफ्ट-एन दाबून इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे खासगी खिडकीत, नव्यानं लॉगिन करून करते. तिथं आपण मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय एक्स्टेंशन (ब्राउझरला वरून जोडलेल्या सोयी) चालत नाहीत, जुन्या कुकीज (साइटनं ब्राउझरमध्ये ठेवलेल्या ओळखीच्या खुणा) नसतात. तिथं फाइल उतरली तर भांडण एक्स्टेंशनशी किंवा शिळ्या लॉगिनशी आहे; मग त्या एकाच साइटच्या कुकीज पुसायच्या. सगळी हिस्टरी पुसून टाकायची काही जणांना फार हौस असते, त्यानं बाकीच्या दहा साइटची लॉगिनं जातात आणि हाती काही लागत नाही.

क्रोमचे बाकीचे निरोप त्या मानानं प्रामाणिक आहेत. ‘फॉरबिडन’ आलं की सर्व्हर नाही म्हणतोय, बहुतेक वेळा लॉगिन संपलेलं असतं. ‘डिस्क फुल’ म्हणजे खरंच जागा नाही. ‘व्हायरस स्कॅन फेल्ड’ म्हणजे फाइलीत व्हायरस सापडला असं नव्हे, तर तपासणीच पूर्ण झाली नाही. गिऱ्हाईक मात्र व्हायरस हा शब्द वाचूनच पेनड्राइव्ह काढून घेतं.

खरा ताप गप्प बसण्याचा. एखादं पोर्टल एकामागोमाग दोन फाइली पाठवतं, पावती आणि अर्ज. दुसऱ्या फाइलीला क्रोम वर विचारतं की या साइटला अनेक फाइली उतरवायच्या आहेत, परवानगी द्यायची का. घाईत कुणी ‘ब्लॉक’ दाबलं की ते त्या साइटपुरतं कायमचं लक्षात राहतं. पुढच्या आठवड्यात दुसरा माणूस येतो, पावती उतरते, अर्ज उतरत नाही, आणि पडद्यावर मोठ्यानं सांगणारं काही नसतं; फार तर पत्त्याच्या पट्टीत एक बारीक चिन्ह. इलाज पत्त्याच्या डावीकडं: पूर्वी जिथं कुलूप असायचं आणि २०२३ पासून दोन छोट्या सरकपट्ट्यांचं चिन्ह आहे, तिथं दाबायचं, साइट सेटिंग्जमध्ये जायचं आणि ‘ऑटोमॅटिक डाउनलोड्स’ला परवानगी द्यायची. तिथंच ‘पॉप-अप्स’ही बघून घ्यायचं. कितीतरी पोर्टलांची पावती नव्या खिडकीत उघडते आणि ती खिडकीच अडवलेली असते. तसंच, डाउनलोडची खालची पट्टी क्रोमनं त्याच वर्षी काढली आणि वर उजव्या कोपऱ्यात बाण आणला. अजून लोक खाली बघत बसतात आणि ‘काय झालंच न्हाई की’ म्हणतात. कंट्रोल-जे दाबा, विंडोजवर क्रोम, एज, फायरफॉक्स तिघांतही चालतं.

आता ज्या गोष्टीमुळं दुसरा ब्राउझर ठेवायलाच लागतो, ती सांगते. एका पोर्टलवर फाइलीचं नाव उमेदवाराच्या नावावरून बनत होतं: आडनाव, मग स्वल्पविराम, मग नाव. क्रोममध्ये बटण दाबलं की पूर्ण पानभर एरर, शेवटी ‘मल्टिपल कंटेंट डिस्पोझिशन’. पोरगं घाबरलं, त्याला वाटलं अर्ज रद्द झाला. तोच पत्ता फायरफॉक्समध्ये उघडला, लॉगिन केलं, हॉल तिकीट हातात. झालं होतं असं: फाइल पाठवताना सर्व्हर आधी एका ओळीत तिचं नाव कळवतो. ते नाव अवतरणचिन्हांत ठेवलेलं नसेल आणि मधे स्वल्पविराम असेल, तर क्रोमला वाटतं एकाऐवजी दोन ओळी आल्या. अशा जोड ओळी घुसवून फसवण्याचा एक प्रकार असतो, म्हणून ते थेट नकार देतं. तत्त्वाला धरून बघितलं तर क्रोमचं बरोबर आणि पोर्टलवाल्याचं चूक. पण उद्या परीक्षा असलेल्या मुलाला तत्त्व घेऊन काय करायचंय?

फायरफॉक्सला लगेच डोक्यावर घेऊ नका. त्याचं उलटं दुखणं आहे. नावात रिकामी जागा असेल आणि अवतरणचिन्हं नसतील, तर पहिल्या रिकाम्या जागेपाशीच ते नाव तोडतं, हा त्याचा जुना स्वभाव. ‘हॉल तिकीट अमुकतमुक’ यातलं नुसतं ‘हॉल’ उरतं, मागची पीडीएफची शेपटीही जाते, आणि डबल-क्लिक केलं की विंडोज विचारतं की हे कशात उघडू. क्रोम इथं समजूतदारपणा दाखवतं आणि पूर्ण नाव घेतं. फाइल बिघडलेली नसते. विंडोजच्या फाइल एक्स्प्लोररमध्ये ‘व्ह्यू’मधून फाइलींच्या शेपट्या दिसतील असं करायचं आणि नावाच्या शेवटी टिंब देऊन पीडीएफ ही अक्षरं इंग्रजीत टाकायची. देवनागरी नावाचीही तीच कथा. मराठी नाव पाठवायची नीट पद्धत २०११ सालच्या आरएफसी ६२६६ या मानकात सांगितलेली आहे, पण ती न पाळणारे आहेतच. मग डोक्यावर चिन्हं असलेली विचित्र इंग्रजी अक्षरं नावात येतात. आत मजकूर शाबूत असतो. नाव बदला आणि पुढं चला.

फायरफॉक्स मला आवडतं ते दुसऱ्या कारणानं. साइटची ओळख पटवणारी प्रमाणपत्रं ते विंडोजकडून उसनी घेत नाही, स्वतःची यादी घेऊन फिरतं. ३० सप्टेंबर २०२१ ला लेट्स एन्क्रिप्ट या फुकट प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेच्या साखळीतलं एक जुनं मूळ प्रमाणपत्र संपलं, तेव्हा अपडेट बंद ठेवलेल्या जुन्या विंडोजवर क्रोम चांगल्या साइटनाही असुरक्षित म्हणायला लागलं. त्याच मशीनवर फायरफॉक्समध्ये त्या उघडत होत्या. आता क्रोमचीही स्वतःची यादी आहे, पण माझ्याकडं मागच्या टेबलवर अजून एक विंडोज ७ चं मशीन आहे, त्यावर क्रोम १०९ च्या पुढं जात नाही. फायरफॉक्सनं ११५ ईएसआर ही जास्त काळ सांभाळली जाणारी शाखा त्या जुन्यांसाठी सुरक्षेच्या दुरुस्त्या देत पुढंही चालू ठेवली. एवढ्याचसाठी त्याला दुवा देते. (त्या मशीनचा सेल गेला की तारीख मागं जाते आणि मग कुठलीच साइट उघडेना होते, आधी घड्याळ बघा, मग ब्राउझरला शिव्या द्या.)

फायरफॉक्सच्या खोडीही ऐका. मार्च २०२२ च्या ९८ व्या आवृत्तीपर्यंत ते आधी विचारायचं, उघडू की ठेवू? तेव्हापासून थेट उतरवतं. सेटिंग्जमध्ये ‘जनरल’खाली विचारण्याचा पर्याय परत चालू करता येतो, आणि सेंटरवाल्यानं तो करावाच. कारण डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये ‘प्रिंट’ नावाच्या एवढ्या फाइली साठतात की कंसातला आकडा बघून कुणाची कुठली ते कळत नाही, आणि एकाचा आधार दुसऱ्याच्या हातात जायला वेळ लागत नाही. दुसरी खोडी उतरणाऱ्या फाइलीची. फायरफॉक्स फोल्डरमध्ये दोन फाइली ठेवतं: एक खऱ्या नावाची, शून्य केबीची, नुसती जागा धरून बसलेली; दुसरी ‘पार्ट’ शेपटीची, तिच्यात खरा माल जमा होत असतो. घाईतला माणूस नेमकी शून्यवाली पेनड्राइव्हवर घेतो आणि घरी जाऊन फोन करतो. क्रोम आणि एजमध्ये अर्धवट फाइलीला ‘सीआरडाउनलोड’ शेपटी असते. ती पुसून पीडीएफ लिहिल्यानं फाइल पुरी होत नाही, एवढं ओळखीतल्या सगळ्यांना सांगा.

तिसरी गोष्ट ढालीची. फायरफॉक्स एका साइटच्या कुकीज दुसरीला बघू देत नाही. जून २०२२ पासून हे सगळ्यांसाठी आपोआप चालू आहे. छान आहे. पण काही पोर्टलांची फाइल वेगळ्याच पत्त्यावर ठेवलेली असते, पानाच्या आत दुसरं पान उघडून ती आणली जाते, आणि तिथं लॉगिन ओळखलंच जात नाही. मग पत्त्याशेजारच्या ढालीवर दाबून त्या साइटपुरतं संरक्षण बंद करायचं, काम झालं की चालू करायचं.

कुलुपाच्या साइटवरून बिनकुलुपाची फाइल, म्हणजे पान एचटीटीपीएसवर आणि फाइल मात्र जुन्या एचटीटीपीवर, हा प्रकार क्रोमनं २०२० पासून टप्प्याटप्प्यानं अडवायला सुरुवात केली, फायरफॉक्सनं ऑक्टोबर २०२१ मध्ये ९३ व्या आवृत्तीत. दोघंही इथं तोंड उघडून सांगतात आणि ‘तरीही ठेवा’ची वाट देतात. ओळखीच्या सरकारी साइटवरची पीडीएफ असेल तर मी ठेवते. शेवटी ईएक्सई असेल, म्हणजे ती फाइल प्रोग्रॅम असेल, तर कुणीही कितीही आग्रह केला तरी नाही.

आता सगळ्यात फसवं दुखणं. यात कुणीच एरर देत नाही. फाइल उतरते, हिरवी खूण येते, आणि उघडली की ‘फाइल डॅमेज्ड’. गिऱ्हाईक म्हणतं, तुमचं कॉम्प्युटर खराब. पहिली नजर आकारावर. दोन पानी हॉल तिकीट, फोटोसकट, तीन केबीचं नसतं. अशी फाइल मी नोटपॅडमध्ये ओढते. खऱ्या पीडीएफची सुरुवात टक्क्याच्या चिन्हानं होते आणि लगेच पुढं पीडीएफ ही तीन इंग्रजी अक्षरं असतात. त्याऐवजी टोकदार कंसात एचटीएमएल, म्हणजे वेबपानाची भाषा, दिसलं, तर पीडीएफच्या नावाखाली साइटचं लॉगिनचं पान उतरलेलं आहे. थोडं खाली गेलं की ‘सेशन एक्स्पायर्ड’ असलं काहीतरी वाचायलाही मिळतं. हे बहुतेक वेळा डाउनलोड मॅनेजरचं काम. वेग वाढवतो म्हणून कुणीतरी टाकून गेलेला असतो. तो ब्राउझरच्या हातातली लिंक काढून घेतो आणि स्वतः नव्यानं फाइल मागायला जातो, पण लॉगिन त्याच्याकडं नसतं. सर्व्हर त्याला दारातूनच परत पाठवतो. नाव कुणाचं घेत नाही, पण फॉर्मच्या कामाच्या मशीनवरून असला मॅनेजर मी काढूनच टाकला. मोठे व्हिडिओ उतरवणाऱ्यानं खुशाल ठेवावा.

आणि ई-आधार ‘उघडत नाही’ ही तक्रार तर डाउनलोडची नसतेच. त्याला पासवर्ड असतो: नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि जन्माचं साल.

एजला लोक हसतात, क्रोम उतरवण्यापुरतंच ते असतं म्हणतात. मी नाही हसत. जानेवारी २०२० पासून ते क्रोमच्याच इंजिनवर चालतं, त्यामुळं क्रोमला जे अडतं ते बहुधा यालाही अडतं. दुसरा ब्राउझर म्हणून एज ठेवण्यात म्हणून अर्थ नाही. पण त्याच्याकडं एक गोष्ट आहे जी इतर कुणाकडं नाही: इंटरनेट एक्स्प्लोरर मोड. एक्स्प्लोरर २०२२ च्या जूनमध्ये निवृत्त झालं, पण त्याच्यासाठीच बांधलेली जुनी पानं अजून तग धरून आहेत, आणि त्यांचं छापायचं बटण फक्त या मोडमध्ये जिवंत होतं. हा मोड निदान २०२९ पर्यंत ठेवणार, असं मायक्रोसॉफ्टनं सांगितलंय. सेटिंगमध्ये साइटचा पत्ता घालावा लागतो आणि तो ३० दिवसांनी आपोआप निघून जातो, म्हणजे दर महिन्याला परत घाला. एजचं ‘हे कुणी फारसं उतरवत नाही’ हे बजावणं मात्र डोक्यात जातं. ठेवायचं म्हटलं तरी तीन टिंबं, ‘कीप’, मग ‘शो मोअर’, मग ‘कीप एनीवे’. म्हाताऱ्या माणसाला फोनवरून हे सांगून बघा.

सफारीवर माझा अधिकार कमी, कारण मॅक माझ्याकडं नाही, गिऱ्हाइकांचे आयफोन आहेत. २०१९ च्या आयओएस १३ पासून त्यात नीट डाउनलोड आहे, पण फाइल जाते ‘फाइल्स’ ॲपमध्ये, आणि आयक्लाउड चालू असेल तर बहुधा तिथल्या डाउनलोड्समध्ये. पोरं ती फोटोंच्या गॅलरीत शोधतात. ‘दुसरा ब्राउझर टाकून बघ’ हा सल्ला आयफोनवर इथं फारसा उपयोगी नाही. आपल्याकडं आयफोनवरचे क्रोम आणि फायरफॉक्स आतून सफारीच्याच इंजिनवर चालतात. मॅकवाल्यांनी एवढंच बघावं की सफारी झिप फाइल स्वतःच सोडवून टाकतं. पोर्टलला झिपच परत द्यायची असेल तर तो पर्याय बंद करा.

अँड्रॉइड फोनवर अडलेली निम्मी कामं ब्राउझरची नसतातच. इन्स्टाग्राम किंवा फेसबुकमधल्या लिंकवर दाबलं की पान त्या ॲपच्या आतल्याच खिडकीत उघडतं. दिसतं ब्राउझरसारखं, पण ॲपवाल्यानं डाउनलोडची सोय केलेली नसेल तर बटण दाबून काहीच होत नाही. एरर नाही, आवाज नाही. वरच्या तीन टिंबांत ‘ब्राउझरमध्ये उघडा’ असतं, ते दाबायचं. मी पोरांना फोन हातात न घेता एवढंच विचारते, ‘बाळा, हे कुठं उघडलंयस?’ बहुतेक वेळा तेवढ्यानंच काम होतं.

गुण द्यायचे तर, पहिला ब्राउझर म्हणून क्रोम पाचपैकी चार. एक गुण त्या ‘नेटवर्क एरर’चा कापला. दुसरा म्हणून फायरफॉक्स पाचपैकी साडेचार. ते आधी नको, पण ते नसलेल्या काउंटरवर मी बसणार नाही. एज तीन, सगळे एक्स्प्लोरर मोडचे. सफारीला गुण देत नाही. फुकट आहेत चारही, त्यामुळं एकच निवडायची सक्ती कुणाला नाही. पैसे भरल्यावर फाइल अडली असेल तर मात्र कुठल्याही ब्राउझरमध्ये परत पैसे भरायची घाई करू नका. आधी पोर्टलच्या खात्यात जुन्या व्यवहारांची यादी असते का ते बघा, पुष्कळदा पावती आणि फाइल दोन्ही तिथं पडलेली असतात.

शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी यातलं काहीच चालत नाही. सगळा जिल्हा एकाच बटणावर बसलेला असतो, क्रोम फिरत राहतं, फायरफॉक्स फिरत राहतं, आणि दोष दोघांचाही नसतो. तेव्हा मी टॅब बदलत बसत नाही. सरळ सांगते, ‘काका, नंबर लिहून जावा, रात्री दहानंतर काढते आणि व्हॉट्सॲपला टाकते. प्रिंट सकाळी येऊन घ्या.’